स्कँडिनेव्हियात तीन-चार दिवसच आहेत? मग म्युझियम बघताना या चुका टाळा

मी स्टॉकहोममध्ये राहते. उन्हाळा लागला की ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक येऊ लागतात. कुणी ऑफिसच्या कामाला जोडून तीन दिवस काढलेले असतात, तर कुणी कोपनहेगन, स्टॉकहोम, ऑस्लो असं सगळं एका आठवड्यात बसवलेलं असतं. व्हिसा, विमान, हॉटेल, थेपले, सगळं चोख असतं. म्युझियमचं मात्र "तिथं गेल्यावर बघू". आणि मग दरवर्षी त्याच त्या चुका होतात. एवढा खर्च करून, एवढ्या लांब येऊन माणसं जे बघायला आली तेच न बघता परत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

सोमवार

सगळ्यात जास्त नुकसान सोमवार करतो. मुंबईतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं हे लक्षात ठेवणारी माणसंसुद्धा इथं येताना वार बघत नाहीत. कोपनहेगनमध्ये तर सोमवारी ग्लिप्टोटेक, एसएमके हे राष्ट्रीय कलासंग्रहालय, थॉर्वाल्डसन म्युझियम, डिझाइन म्युझियम आणि शहराबाहेरचं लुइझियाना हे आधुनिक कलेचं म्युझियम, सगळीच बंद. ऑस्लोचं नॅशनल म्युझियम बंद. स्टॉकहोममधलं नॅशनलम्युझियम आणि मॉडर्ना म्युझेटही बंद.

नाशिकच्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांनी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. जाकोमेत्ती या शिल्पकाराची ती उंच, काटकुळी माणसं त्यांनी फक्त पुस्तकात पाहिली होती. लुइझियानात त्या शिल्पांसाठी अख्खी एक खोली आहे, खिडकीबाहेर तळं आणि झाडं, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. सहलीचं वेळापत्रक मुलानं केलं होतं. शनिवारी पोचायचं, रविवारी टिवोली ही करमणुकीची बाग आणि कालव्यातली बोट, सोमवारी लुइझियाना, मंगळवारी सकाळी विमान. सोमवारी दोघं कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून हम्लबेकच्या गाडीत बसले, तिथून चालत गेले आणि बंद दारासमोर उभे राहिले. मुलाचा मला फोन आला, "काही करता येईल का?" काय करणार? त्यानं वेबसाइट बघितली होती, पण तिकिटाचा दर बघून बंद केली. त्याच पानावरच्या वेळा वाचल्या नाहीत. काकू त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र ते अजून लागतं, कारण वार उलटेपालटे केले असते तरी पुरलं असतं. टिवोली काय, उन्हाळ्यात सोमवारीही उघडं असतं.

माझी पद्धत अशी: आधी कागदावर वार लिहायचे, मग त्यापुढे म्युझियम. ज्या एका गोष्टीसाठी आपण या शहरात आलोय ती पहिल्या पूर्ण दिवशी. शेवटच्या दिवशी कधीच नाही. काही चुकलं, कुणाचं पोट बिघडलं, गाडी रद्द झाली, तरी हातात दुसरा दिवस राहतो.

लुइझियानाच्या बाबतीत आणखी एक. ते मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि तरीही लोक सकाळी अकराला रांगेत उभे राहतात. दिवसभर शहर फिरा, चार-साडेचारच्या गाडीनं जा. जूनमध्ये तिथं दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. बागेत हेन्री मूरच्या शिल्पापाशी बसलं की समोर समुद्राची पट्टी आणि पलीकडे स्वीडनचा किनारा दिसतो.

सोमवार वाट्याला आलाच तर कोपनहेगनमध्ये गोल मनोरा चढा. चौथ्या ख्रिश्चन राजानं बांधलेला हा मनोरा 1642 मध्ये पूर्ण झाला, आणि वर जायला जिन्याऐवजी गोल फिरत जाणारा उतार आहे. स्टॉकहोममध्ये वासा हे जहाजाचं म्युझियम आणि स्कान्सन हे उघड्यावरचं म्युझियम सोमवारी चालू असतात, ऑस्लोत चित्रकार मुंकचं म्युझियम आणि फ्राम हे ध्रुवीय जहाजाचं म्युझियम.

पास "वसूल" करायचा हट्ट

ही माझी दुसरी दुखरी नस. शहराचा पास, म्हणजे एकाच तिकिटात बरीच म्युझियमं, घेतला की आपल्या माणसांच्या अंगात काहीतरी संचारतं. पैसे भरलेत ना, मग दिवसात पाच ठिकाणं झालीच पाहिजेत.

माझा भाचा आणि त्याची बायको आले तेव्हा त्यांच्याकडे एक्सेलची शीट होती. प्रत्येक म्युझियमला पाऊण तास. पास पहिल्या दिवशी दुपारी तीनला सुरू केला. स्टॉकहोमचा तो पास तारखेप्रमाणे मोजला जातो, तासांप्रमाणे नाही, त्यामुळे पहिला दिवस दोन तासांतच संपला. कोपनहेगन आणि ऑस्लोचे पास तासांवर चालतात, म्हणून त्यांना वाटलं सगळीकडे तसंच असेल. मग तो तोटा भरून काढायला दुसऱ्या दिवशी पळापळ. वासा पस्तीस मिनिटांत उरकलं. रात्री जेवताना मी विचारलं, "जहाज बुडालं कशामुळे?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "मावशी, खूप मोठं आहे गं," एवढंच भाचा म्हणाला.

आता ते काय सोडून आले ते बघा. वासा हे राजाचं नवंकोरं लढाऊ जहाज 10 ऑगस्ट 1628 रोजी, शिवजन्माच्या साधारण दीड वर्ष आधी, पहिल्याच फेरीत सुमारे तेराशे मीटर जाऊन स्टॉकहोमच्या बंदरातच बुडालं. 64 तोफा, 69 मीटर लांबी, आणि वरचा भाग इतका जड की वाऱ्याच्या एका झोतानं ते कललं. तोफांसाठीच्या खालच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यातून पाणी शिरलं. निघण्याआधी धक्क्यावर तीस माणसांना डेकवर या बाजूनं त्या बाजूला पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी मध्येच थांबवली, आणि तरीही ते पाठवलं! 1961 मध्ये ते वर काढलं. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारं असल्यामुळे लाकूड पोखरणारी कीड तिथं जगत नाही, म्हणून तीनशेहून जास्त वर्षं लाकूड टिकलं. मग ते वाळताना तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा फवारा मारला.

हे सगळं तिथं मजल्या-मजल्यावर मांडलंय. आधी फिल्म बघा, सतराच मिनिटांची आहे. मग लगेच वर जाऊ नका. आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलाय. डोळे सरावू द्या, तळमजल्यावरूनच जहाजाच्या मागच्या बाजूला जा आणि मान वर करून बघा. सिंह, राजमुकुट, योद्धे, सगळं ओकच्या आणि इतर लाकडांत कोरलेलं. आज सगळं तपकिरी दिसतं, पण मूळचे रंग भडक होते. रंगवलेली प्रतिकृती शेजारी आहे, ती बघून परत जहाजाकडे बघा. जहाजाच्या पुढच्या टोकापाशी बाकाखाली दबून बसलेला एक पोलिश सरदार कोरलाय, कारण स्वीडनचं तेव्हा पोलंडशी युद्ध चालू होतं. खालच्या मजल्यावर बुडालेल्या माणसांचे सांगाडे आणि त्यावरून घडवलेले चेहरे आहेत. त्यातला एक सांगाडा पुरुषाचा समजला जात होता. डीएनए तपासणीत तो बाईचा निघाला, हे 2023 मध्ये जाहीर झालं. या एका चेहऱ्यासमोर दहा मिनिटं उभं राहायला वेळ नसेल तर स्टॉकहोमला येऊन काय केलं?

वासाला कमीत कमी अडीच तास द्या. आणि आत स्वेटर काढू नका. लाकडासाठी तापमान 18 ते 20 अंशांवर ठेवतात, तासाभरानं गारठा जाणवतो.

पासच्या हिशेबाबद्दल माझं मत सरळ आहे. पास नसता तरी तुम्ही जिथं गेलाच असता, तेवढ्याच ठिकाणांच्या तिकिटांची बेरीज करा. "फुकट आहे तर जाऊ" असलं काहीही त्यात धरू नका. बहुतेक वेळा पास महाग पडतो. मुलांसाठी तर आधी तपासाच. वासा, लुइझियाना, ऑस्लोचं नॅशनल म्युझियम, सगळीकडे 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. दिवसाला एक मोठं म्युझियम आणि जमलं तर एक छोटं, माझ्याकडे राहायला येणाऱ्यांना मी यापेक्षा जास्त ठरवू देत नाही.

"द स्क्रीम" नेमकं कुठं आहे?

ऑस्लोला गेलेले लोक मुंक म्युझियममध्ये जातात, चित्र बघतात आणि म्हणतात, "हे पुस्तकातल्यासारखं दिसत नाही." दिसणार नाही. मुंक ते एकदाच काढून थांबला नाही. पुस्तकांत, मगांवर, टी-शर्टवर दिसतं ते 1893 चं रंगीत चित्र नॅशनल म्युझियममध्ये आहे. मुंक म्युझियममध्ये त्याच विषयाची वेगळी रूपं आहेत, आणि कागद-पुठ्ठ्यावरचे रंग उजेडानं उडतात म्हणून एका वेळी एकच उघडं ठेवतात आणि थोड्या-थोड्या वेळानं बदलतात. आत गेल्या गेल्या धावत त्या खोलीत जाऊन, एक फोटो काढून बाहेर पडलात तर बाकीची रूपं हुकतात. आधी दुसरे मजले बघा, परत या.

नॅशनल म्युझियममधल्या चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं अगदी बारीक लिहिलंय, "हे फक्त वेड्यालाच काढता आलं असतं". कुणा वात्रट प्रेक्षकानं लिहिलं असावं असं बरीच वर्षं मानत होते. 2021 मध्ये म्युझियमनं तपासणी करून सांगितलं की अक्षर खुद्द मुंकचं आहे. मोबाइल खिशात ठेवा आणि ते शोधा.

बाकीच्या, पटकन

ऑस्लोतलं व्हायकिंग जहाजांचं म्युझियम 2022 च्या सप्टेंबरपासून बंद आहे. नवीन इमारतीसह 2027 मध्ये उघडणार असं जाहीर केलंय. जुने ब्लॉग वाचून लोक अजून ते जिथं होतं त्या बिगडॉय भागात तेवढ्यासाठी जातात. तिकडे गेलातच तर फ्राम बघा. त्याच जहाजातून आमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला होता, आणि त्याच्या आत शिरून खालपर्यंत फिरता येतं.

बिगडॉयची बोट हंगामी असते. थंडीत धक्क्यावर कुडकुडत उभं राहण्यापेक्षा 30 नंबरची बस पकडा.

युरो घेऊन येऊ नका. तीन देशांचे तीन वेगळे क्रोन, एकाचा दुसऱ्याकडे चालत नाही. स्वीडनमध्ये तर कित्येक ठिकाणी रोख घेतच नाहीत. दोन कार्डं ठेवा, आणि मशीननं "रुपयांत की क्रोनमध्ये" विचारलं तर क्रोन निवडा.

पाठीवरची सॅक लॉकरमध्ये ठेवावी लागते. पहारेकऱ्याशी "यात फक्त पाणी आहे" म्हणून हुज्जत घालू नका. विमानाची मोठी बॅग तर आणूच नका, ती हॉटेलवर किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं.

शाकाहारी असाल तर म्युझियमच्या कॅफेत सूप, पाव, सॅलड मिळतंच, पण दुपारी दीडनंतर संपत येतं. साडेअकराला जेवून घ्या. डबा आणलाय तर स्टॉकहोममध्ये वासा ज्या बेटावर आहे त्या युर्गोर्डनच्या हिरवळीवर बसून खा, कुणी काही म्हणत नाही.

जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्वीडनला येणार असाल तर मिडसमरचा शुक्रवार कोणता ते बघून घ्या. त्या दिवशी अर्धं शहर गावाला गेलेलं असतं आणि बरंच काही बंद राहतं. चालू असेल ते स्कान्सन, पण तिथं गर्दी तुफान. 24 आणि 25 डिसेंबरलाही बरंच काही बंद असतं.

बंद व्हायच्या तासभर आधी मोठ्या म्युझियममध्ये शिरू नका. तिकीट पूर्ण लागतं आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत तुम्हाला दाराकडे न्यायला सुरुवात होते. सप्टेंबर ते मे या काळात वासा बुधवारी संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं. त्या काळात येणार असाल आणि तीन दिवसांत बुधवार येत असेल तर दुपारनंतरचा तो वेळ त्याच्यासाठी राखून ठेवा, टूर बसचे घोळके तोपर्यंत गेलेले असतात.