नवतप्यात कोबीचं बी टाकू नका: हिवाळी परसबागेतल्या चुका

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "फुलकोबीचं बी आत्ताच टाकून दिलं तर?" अहो, बाहेर 45 डिग्री आहे. मे महिन्यात माती तयार करायची, बी पोळ्याच्या आसपास. ज्याला तेवढा दम धरवत नाही, त्याने भेंडी लावावी.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वाण निवडताना. पुसा दीपालीसारखा लवकरचा वाण उकाड्यातही गड्डा धरतो, स्नोबॉलला मात्र खरी थंडी लागते. मी एकदा दुकानदाराच्या "सगळं सारखंच असतं" या बोलण्यावर स्नोबॉलचं पाकीट आणलं. जुलैत बी, ऑगस्टात लावणी. दसऱ्यापर्यंत पानं अशी माजली की बघत राहावं, पण मधे गड्ड्याचा पत्ता नाही. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "काय भौ, बकरी पाळली का?" पुढच्या वर्षी चिडून दीपालीचं उरलेलं बी ऑक्टोबर अखेर टाकलं, तर लिंबाएवढे गड्डे. तेव्हापासून पाकीट घरी आलं की आधी मार्करने त्यावर महिना लिहितो.

दुसरं, तण आणि रोग मरावेत म्हणून उन्हात माती तापवणं. वाफा चांगला भिजवायचा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणायचं, कडा मातीत दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे विसरून जायचं. लोक काळी ताडपत्री टाकतात. ती स्वतःच तापते, खाली मातीला तेवढी धग पोचत नाही. कोरड्या वाफ्यावर टाकलं तरी वाया, कारण ओलाव्याशिवाय उष्णता खोल जात नाही. आणि आठव्या दिवशी "जरा बघू तर" म्हणून कोपरा उचलणारे तर घरोघरी आहेत.

आपल्या काळ्या मातीत रोपं सपाट वाफ्यात टाकू नका. पाणी साचतं, रोपं बुडाशी नासून आडवी पडतात. वीतभर उंच गादीवाफा करा, बी विरळ टाका.

सांबाराचे (कोथिंबिरीचे) धणे रगडून दोन फाका करूनच पेरा. वाटाण्याची घाई नको, दसरा होऊ द्या.

वाफा भिजवायला कुलरच्या टाकीचं पाणी वापरू नका. पाणी उडून जातं, क्षार टाकीत साठत जातात. टाकीच्या कडेचा पांढरा थर नखाने खरवडून बघा.