तांदळातील कीटकनाशक अवशेषांचा आहारजन्य धोका कसा मोजावा

प्रयोगशाळेच्या अहवालात अवशेष आढळला म्हणजे भात विषारी ठरला, असे नव्हे. धोका ठरतो तो अवशेषाचे प्रमाण, खाल्ले जाणारे प्रमाण आणि खाणाऱ्याचे वजन या तिन्हींवरून. अवशेषाला (मिलिग्रॅम प्रतिकिलो) रोजच्या तांदळाच्या सेवनाने (किलो) गुणावे आणि शरीराच्या वजनाने भागावे. समजा, अवशेष ०.०५, सेवन ०.३ किलो आणि वजन ६० किलो असेल, तर दैनिक ग्रहण ०.०००२५ मिलिग्रॅम प्रतिकिलो येते. त्या कीटकनाशकाची स्वीकार्य दैनिक मात्रा (आयुष्यभर रोज पोटात गेली तरी अपाय होणार नाही असे मानलेले प्रमाण) ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो मानल्यास हे ग्रहण तिच्या अडीच टक्के भरते. मात्र १५ किलो वजनाचे मूल ०.१५ किलो तांदूळ खात असेल, तर हाच आकडा दुप्पट होतो. म्हणून मुलांचे गणित स्वतंत्रच करावे.

कमाल अवशेष मर्यादा (धान्यात कायद्याने चालणारे अवशेषाचे सर्वाधिक प्रमाण) ही शिफारशीप्रमाणे केलेल्या फवारणीवर बेतलेली असते, त्यामुळे ती ओलांडली गेली तरी आरोग्याचा निर्णय वरील तुलनेवरूनच घ्यावा; मर्यादा ओलांडली म्हणजे आरोग्याला धोका झालाच असे मानण्याची गफलत फार वारंवार होते. एकाच जेवणातून होणाऱ्या तीव्र धोक्यासाठी सरासरीऐवजी जास्तीत जास्त सेवन धरून तीव्र संदर्भ मात्रेशी (एका जेवणात किंवा एका दिवसात पोटात गेली तरी अपाय होणार नाही असे मानलेले प्रमाण) तुलना करावी.

मापनमर्यादेखालील (प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा कमी अवशेष असलेल्या) नमुन्यांना सरसकट शून्य मानू नये. एकदा शून्य आणि एकदा पूर्ण मर्यादा धरून दोन्ही उत्तरे नोंदवावीत. अवशेष बहुधा कोंड्यात अधिक असल्याने पॉलिश केलेल्या आणि हातसडीच्या तांदळाचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. ऑर्गॅनोफॉस्फेटसारखी एकाच पद्धतीने चेतासंस्थेवर परिणाम करणारी रसायने एकत्र आढळल्यास त्यांची गुणोत्तरे (प्रत्येकाचे ग्रहण भागिले त्याची स्वीकार्य मात्रा) बेरजेनेच तपासावीत.