चिरा कुठे थांबेल? कोन न काढता उत्तर

घर्षणाच्या गणितात त्वरण, मग वेग, मग अंतर काढत बसलं की पेपरातला वेळ तिथेच जातो. टेम्पोला फळी लावून जांभ्याचा चिरा अलगद सोडला, तर अंगणात कुठे थांबेल?

१. सुरुवातीची उंची घ्या : १.२ मीटर.
२. घर्षण गुणांकाने (पृष्ठभाग घसरण किती अडवतो, तो आकडा; इथे ०.४) भागा : १.२ ÷ ०.४ = ३ मीटर.

झालं! हे सुटल्या जागेपासूनचं आडवं अंतर. फळीने आडवे २ मीटर घेतले, तर अंगणात १ मीटर. सगळी स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे असलेली ऊर्जा) घर्षणात जाते. चिऱ्याचं वजन तर आपोआपच कटतं.

मात्र फळी आणि अंगणाचा गुणांक एकच हवा. वेगळे असतील तर प्रत्येकाचा गुणांक गुणिले आडवं अंतर, बेरीज उंचीएवढी. फळीच्या टोकाशी चिरा आपटला, तर हिशेब चुकेल.