जुन्या घराचं वायरिंग बदलताना ‘पॉइंट’ म्हणजे काय ते आधी लिहून घ्या

‘ओळखीचा वायरमन आहे, चार दिवसांत नवं वायरिंग करून देईल,’ असा सल्ला देणारी माणसं स्वतःच्या घरी फ्रिज उघडताना पायात चप्पल घालतात. मी पुण्यात १९७० च्या दशकातल्या एका इमारतीत राहतो आणि इथल्या बऱ्याच फ्लॅटांच्या वायरिंगच्या कामात मी मध्ये होतो. लाकडी पट्ट्यांवर ठोकलेली रबरी वायर, किटकॅट फ्यूज, मध्येच कुणीतरी जोडलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढ्यासाठीच ते सगळं केलेलं होतं. त्यावर गीझर, एसी आणि इंडक्शन चढले की वायर तापते आणि तिच्यावरचं रबर चुरा होऊन गळायला लागतं. त्यामुळे वायरिंग बदलायचं की नाही, यावर इथे वेळ घालवत नाही.

आधी परवाना. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यांसारखी किरकोळ कामं सोडली, तर घरातलं वायरिंग राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायचं असतं. वायरमनचं परमिट वेगळं, कंत्राटदाराचं लायसन्स वेगळं. लायसन्सची प्रत मागा, मुदत बघा आणि त्यावरचं नाव बिलावरच्या नावाशी जुळतंय का तेही बघा. एवढ्याने भागत नाही, कारण शिक्का विकणारेही असतात. महावितरणकडे भार वाढवून घ्यायला परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि घराचा उंबरा न ओलांडता तो सही करून देणारे भेटतात. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, ‘मेगर तुम्ही स्वतः लावणार ना?’ (मेगर म्हणजे वायरचं इन्सुलेशन धड आहे का ते मोजायचं उपकरण.) ‘त्याची काय गरज?’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या.

वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तुमच्या उपकरणांची बेरीज त्याच्या वर जात असेल तर भारवाढीचा अर्ज याच कामात उरकून घ्या. मीटरच्या सीलला मात्र कंत्राटदाराने हात लावायचा नाही.

आता अंदाजपत्रक. खरा घोळ इथे होतो, आणि मलाही तो उलगडायला बराच वेळ लागला होता.

तीन जणांना बोलावलं की तिघेही पॉइंटचा भाव सांगतात आणि आपण सगळ्यात कमी आकडा उचलतो. पण पॉइंट म्हणजे काय, हे तिघांच्या डोक्यात वेगवेगळं असतं. एकाच्या हिशेबात बोर्डापासून दिव्यापर्यंतची वायर म्हणजे पॉइंट, आणि डीबीपासून (सगळी सर्किटं जिथून निघतात त्या मुख्य पेटीपासून) बोर्डापर्यंतची मेन तो दर मीटर लांबीमागे वेगळी लावतो. दुसरा दोन्ही धरून बोलतो. बोर्डावरचा प्लग कुणी अर्धा पॉइंट धरतं, कुणी पूर्ण. फोडलेली भिंत बुजवणं बहुधा कुणाच्याच भावात नसतं. मेन वेगळी लावणारा लबाडच असतो असं नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतही पॉइंट आणि मेन वेगळे धरतात. फक्त ते काम सुरू व्हायच्या आधी कागदावर यायला हवं, बिलात नव्हे.

म्हणून मी पॉइंटचा भाव ऐकूनच घेत नाही. खोलीवार यादी स्वतः करतो, तिघांनाही तीच देतो आणि एकूण रक्कम मागतो. यादीत वायरची जाडी असते: दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या प्लगच्या सर्किटला २.५, गीझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र ४, मीटरपासून डीबीपर्यंत निदान ६, आणि भार मोठा असेल तर १०. सगळी तांब्याची, आयएस ६९४ चा (वायरसाठीच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेली. जुने कारागीर अजून ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ अशा गेजमध्ये बोलतात. बोलू द्या, कागदावर चौरस मिलिमीटरच लिहा. वायर स्वतः आणणं मला बरं वाटतं: ९० मीटरची सीलबंद बंडलं, पक्क्या बिलासकट.

यादीत दोन गोष्टी ठळक अक्षरांत लिहा.

पहिली न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरची: प्रत्येक सर्किटला डीबीपासून स्वतःचा न्यूट्रल. जुन्या घरात एकच न्यूट्रल सगळ्या खोल्यांतून फिरवलेला असतो आणि वायर वाचवायला नव्या कामातही तसाच फिरवतात. मग आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) बसतो, हॉलमधला दिवा लावला की पडतो आणि वायरमन म्हणतो, ‘हा पीस खराब आहे, काढून टाकू.’ बहुतेक वेळा तो खराब नसतो. फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरमधून गेलेला करंट त्याच्याच न्यूट्रलमधून परत आला नाही की तो पडतो, आणि त्यासाठीच तर तो बसवलेला असतो. इन्व्हर्टर असलेल्या घरात हा घोळ फार, कारण इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल भलत्याच सर्किटला बांधलेला असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी काढून टाकायची कुठलीही सबब ऐकू नका, न्यूट्रल शोधायला लावा.

दुसरी अर्थिंगची. आमच्या इमारतीत अर्थची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधलेली होती. पुढे पाइप बदलून प्लास्टिकचे आले आणि अर्थ कधी गेला ते कुणाला कळलंही नाही. अशा ठिकाणी काही जण तिसऱ्या पिनेला सरळ न्यूट्रल जोडून मोकळे होतात. असं करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा. वाटेत कुठे न्यूट्रल तुटला, तर याच जोडणीतून फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरतो. मीटरपाशी अर्थ जिवंत आहे का, हे कंत्राटदाराने उपकरण लावून मोजून दाखवायचं. खिशातला टेस्टर त्यासाठी कामाचा नाही. अर्थ नसेल तर सोसायटीकडून अर्थिंगचा नवा खड्डा करून घ्यायचा. कमिटीत वाद होईल, होऊ दे.

काम चालू झालं की कॉलम आणि बीमला कटर लावू देऊ नका. वायरचे पाइप टाकून झाले की प्लास्टरच्या आधी भिंतींना मोजायची टेप लावून फोटो काढा. ‘एवढी जुनी वायर चांगली आहे, पुढे जोडू’ याला नाही म्हणा. अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याचा जोड सैल होतो आणि तापतो.

शेवटचा हप्ता मेगरच्या आधी देऊ नका. आरसीसीबी आणि उपकरणं सोडवून ५०० व्होल्टचा मेगर लावायचा, फेज आणि न्यूट्रलमध्ये, मग दोन्ही अर्थशी. १ मेगाओहमच्या खाली तर चालतच नाही. नवं वायरिंग त्याच्या कितीतरी वर दाखवतं. आकडा काठावर घुटमळत असेल तर प्लास्टर ओलं आहे किंवा ओढताना वायर कुठेतरी सोलली आहे. आकडा रिपोर्टवर लिहून, सही करून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा आणि डीबीच्या दारावर सर्किटांची नावं लिहून घ्या.

आणि हो, जुनी तांब्याची वायर भंगारात चांगल्या भावाने जाते. कारागीर ती चहापाण्यात धरतात. ती द्यायची की रकमेतून वजा करायची, तेही त्याच यादीच्या खाली लिहून टाका.