नुनावुतमधील पाळणाघरासाठी सरकारी निधी कसा उभा करावा

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशात 25 वस्त्या आहेत आणि त्यांपैकी एकही वस्ती रस्त्याने दुसरीशी जोडलेली नाही. शिक्षक, परिचारिका किंवा हिशेबनीस म्हणून आपल्यापैकी जे तिकडे जातात, त्यांना पाळणाघर चालवणाऱ्या पालकांच्या संस्थेसाठी अर्ज लिहिण्याची किंवा हिशेब ठेवण्याची विनंती होऊ शकते. आपल्याकडे अंगणवाडी सरकारी योजनेतून येते. नुनावुतमध्ये मात्र बहुतेक पाळणाघरे पालकांनीच स्थापन केलेल्या ना-नफा संस्था चालवतात आणि त्यांच्या कार्यकारिणीतील माणसे आपापली नोकरी सांभाळून हे काम विनावेतन करतात. अशा संस्थेला मदत करणाऱ्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

अर्जाला हात घालण्यापूर्वी वस्तीत बसून एका प्रश्नाचे उत्तर शोधावे: मुलांना सांभाळणार कोण? पाळणाघर नाही म्हणून आईला प्रशिक्षणाला जाता येत नाही आणि प्रशिक्षित माणूस नाही म्हणून पाळणाघराची खोली बंद राहते. इमारतीसाठी पैसे मिळवून हा पेच सुटत नाही. म्हणून बालसंगोपनाचा निधी आणि रोजगार प्रशिक्षणाचा निधी यांसाठी एकाच वेळी, एकमेकांचा उल्लेख करून अर्ज करावेत, असे माझे ठाम मत आहे.

पैसा येतो कोठून, हे आता पाहू. पहिला मार्ग केंद्र सरकारकडून प्रादेशिक सरकारकडे आणि तेथून पाळणाघराकडे येतो. कॅनडाच्या 2021 च्या अर्थसंकल्पात देशभरातील बालसंगोपनासाठी पाच वर्षांत 30 अब्ज डॉलरपर्यंत तरतूद जाहीर झाली. त्या योजनेखाली नुनावुतशी सुमारे 6.6 कोटी डॉलरचा करार झाला आणि 1 डिसेंबर 2022 पासून तेथील परवानाधारक पाळणाघरांचे शुल्क दिवसाला 10 डॉलरवर आले. पालकांना हा मोठाच दिलासा आहे. पण शुल्क वाढवून तूट भरून काढण्याची वाट त्यामुळे संस्थेला उरलेली नाही, आणि अंदाजपत्रकातील चूक आता थेट पगारावर येते. हा निधी परवान्याशी बांधलेला असल्याने प्रादेशिक शिक्षण विभागाचा परवाना, संस्थेची चालू नोंदणी आणि कार्यकारिणीचा सह्यांसह ठराव ही तीन कागदपत्रे सर्वांत आधी जुळवावीत.

दुसरा मार्ग इनुइट, म्हणजे नुनावुतमधील मूळ रहिवासी समाजाच्या, संघटनांमधून जातो. आदिवासी समाजांच्या बालसंगोपनासाठी 2018 मध्ये राष्ट्रीय आराखडा आला, त्यासोबत दहा वर्षांसाठी 1.7 अब्ज डॉलरची तरतूद होती. प्रशिक्षणासाठी 1 एप्रिल 2019 पासून आदिवासी कौशल्य व रोजगार प्रशिक्षण कार्यक्रम सुरू आहे. त्याचे पैसे राजधानी ओटावातून थेट उमेदवाराला मिळत नाहीत, करार केलेल्या आदिवासी संघटना ते वाटतात. नुनावुतच्या तीन विभागांपैकी किकिक्तालुक विभागात हे काम काकिवाक असोसिएशन करते. किवालिक आणि किटिकमिओट विभागांत तेथील इनुइट संघटनेकडे चौकशी करावी. शिकाऊ कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण शुल्क, त्या काळातील निर्वाहभत्ता आणि त्यांच्या मुलांच्या सांभाळाचा खर्च यांपैकी काय मान्य होते, हे तेथील अधिकाऱ्याशी फोनवर बोलून मगच आकडे मांडावेत. नुनावुत आर्क्टिक कॉलेजचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आपल्या वस्तीत चालवता येईल का, हेही याच टप्प्यावर विचारून घ्यावे, कारण शिकण्यासाठी घर सोडून विमानाने दूर जावे लागले तर लहान मुले असलेल्या बाईला ते शिक्षण बंदच होते.

आता अंदाजपत्रक. कॅनडाच्या दक्षिणेतील नमुना समोर ठेवून केलेले अंदाजपत्रक येथे हमखास फसते. जड सामान फक्त उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर येणाऱ्या मालवाहू जहाजांनी येते. समजा, स्वयंपाकघरासाठी मोठे शीतकपाट आणि मुलांच्या 12 खाटा हव्या आहेत. जहाजावर जागा धरण्याची आणि माल दक्षिणेतील बंदरात पोहोचवण्याची मुदत जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी संपते. अनुदानाचा निर्णय ती मुदत उलटल्यावर आला, तर तोच माल विमानाने, किलोवर पैसे मोजून आणावा लागतो, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागते. म्हणून अर्जात वस्तूच्या किमतीखाली लाकडी खोक्याचे पॅकिंग, जहाजभाडे आणि किनाऱ्यावरून इमारतीपर्यंतची वाहतूक या तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा, तेही कारणासह स्पष्ट नोंदवावे. इंधन तेल, पाण्याच्या टँकरचे बिल आणि सांडपाणी उपसण्याचा खर्च या ओळीही विसरू नयेत.

आणखी दोन ओळी आवर्जून घालाव्यात. एक, इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेत मुलांना गोष्टी सांगणाऱ्या, शिवणकाम दाखवणाऱ्या वडीलधाऱ्यांचे मानधन. दुसरी, स्थानिक शिकाऱ्यांकडून घेतलेल्या कॅरिबूच्या (उत्तरेकडील रानटी हरणाच्या) मांसाची आणि ‘आर्क्टिक चार’ नावाच्या माशाची किंमत. हा वरखर्च नव्हे. शहरांतील आणि उत्तरेकडील आदिवासी बालकांसाठी 1995 मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय हेड स्टार्ट कार्यक्रमाच्या सहा अंगांत संस्कृती व भाषा, पोषण आणि पालकांचा सहभाग ही अंगे शालेय तयारीच्या बरोबरीने मोजली आहेत. अर्जाच्या मजकुरात हा धागा दाखवला की या ओळी तपासणाऱ्यालाही पटतात.

बाहेरून आलेल्या माणसाने आपली जागा ओळखावी, हेही सांगितले पाहिजे. काय शिकवायचे, कोणाला नेमायचे आणि कोणती भाषा बोलायची, हे वस्ती ठरवते; आपण लेखनिक आहोत. मसुदा बैठकीत मोठ्याने वाचून, दुभाष्याकडून समजावून, बदल करून मगच पाठवावा आणि त्या बैठकीचे इतिवृत्त अर्जाला जोडावे.

निधी मिळाल्यावरची शिस्त महाराष्ट्रातील संस्थांत काम केलेल्यांना नवी नाही, कारण कॅनडा सरकारचे आर्थिक वर्षही 1 एप्रिल ते 31 मार्च असेच असते. मार्चअखेरची धावपळ तेथेही आहे, फक्त हिमवादळाने विमान चार दिवस आले नाही तर मूळ पावत्याही चार दिवस अडकतात. प्रत्येक निधीसाठी वेगळे खातेपान ठेवावे, पावती आली त्याच दिवशी तिची प्रत स्कॅन करून घ्यावी आणि एकाच कर्मचाऱ्याचा पगार दोन अनुदानांत विभागला असेल तर कोणते तास कोणत्या निधीतून दिले, याची पत्रके दर पंधरवड्याला त्या कर्मचाऱ्याच्या सहीने भरून घ्यावीत. पैसे उरतील असे दिसले तर ते घाईने खर्च करू नयेत. पुढील वर्षात वापरण्याची लेखी परवानगी जानेवारीतच मागावी, आणि ती मागताना जहाजाची तारीख पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावी.