'गेट'चा अर्थ पुढच्या शब्दात शोधा

इंग्रजी वाचताना 'गेट' आलं की मुलं अडखळतात, आणि शब्दकोशात तर अर्थांची रांगच लागलेली असते. रांग पाठ करू नका, 'गेट'च्या पुढे काय आलंय ते बघा.

१. वस्तू असेल तर मिळणं किंवा आणणं: 'गेट अ लेटर', 'गेट सम मिल्क'.
२. विशेषण असेल तर होणं. 'गेट अँग्री' म्हणजे रागावणं, 'गेट वेट' म्हणजे भिजणं.
३. 'टू' आणि गाव असेल तर पोहोचणं. 'होम'आधी मात्र 'टू' लावत नाहीत.
४. 'टू' आणि क्रियापद असेल तर संधी मिळणं: 'आय गॉट टू मीट हर', मला तिला भेटायला मिळालं.
५. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप असेल, तर बहुधा आपलं 'करून घेणं'. 'आय गॉट माय हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले. नुसतं 'आय कट माय हेअर' म्हटलं तर कात्री तुमच्याच हातात होती असा अर्थ निघू शकतो. हा प्रकार मुलांकडून आवर्जून घोटून घ्या. शिंपी, न्हावी, गॅरेज, सगळीकडे लागतो.

'हॅव गॉट'ला हा नियम लावू नका. 'आय हॅव गॉट अ पेन' म्हणजे माझ्याकडे पेन आहे.