दुर्बीण नसताना ताऱ्याचं स्पंदन कसं मोजायचं

रात्रीच्या लाईनवर ओलित करायला ज्यांना वावरात जावंच लागते, किंवा डुकरं-रोही पिकात घुसू नये म्हणून जागलीला बसावं लागते, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहून राहिलो, कारण शहरातल्या माणसाला जे आकाश पैसे देऊनही भेटत नाही ते आपल्या धुऱ्यावर रोज आहे. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता भेटली ती या अंधारासाठीच. आणि या अंधारात नुसत्या डोळ्यानं, वही-पेनावर एक असं काम करता येते की ज्याच्यातून ताऱ्याच्या आतलं कळते. दुर्बीण खरंच लागत नाही.

तारा घ्या गरुड तारकासमूहातला ईटा, त्याचं तेज ठरलेल्या फेऱ्यात कमी-जास्त होत राहते. याच जातीतला डेल्टा सेफी जास्त फेमस आहे, पण तो उत्तरेकडच्या बारीक ताऱ्यांत शोधणं नवीन माणसाला किचकट जाते. दसऱ्यापासून तर नोव्हेंबर संपेपर्यंत ईटा सोयीचा आहे, ऑक्टोबरात सात-साडेसातला दक्षिणेकडं तोंड करून मान चांगली वर केली की जवळपास डोक्यावरच श्रवण नक्षत्राचे तीन तारे दिसतात, श्रावणबाळाची कावड, मधला ठळक तो श्रवण. कावडीचा दक्षिणेकडचा तारा म्हणजे बीटा. श्रवणापासून बीटापर्यंत जेवढं अंतर आहे त्याच्या साधारण दुप्पट आणखी दक्षिणेला गेलं की ईटा. खात्री करायची असेल तर त्याच्या दोन्ही बाजूला थीटा आणि डेल्टा (गरुडातलाच, डेल्टा सेफी नाही) हे दोन तारे आहेत, ईटा त्यांच्या बरोब्बर मधात. पहिल्या दिवशी मोबाईलवरचं ॲप वापरा काही हरकत नाही, पण नंतर स्क्रीन बंद, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या आणि वही पाहायला बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर लावा.

आता मोजायचं कसं. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. डेल्टा आहे ३.४, बीटा ३.७ आणि ईटाच्या जवळच नैर्ऋत्येला एक अंधुक तारा आहे आयोटा, तो ४.४. हे तिघं तुमचे वजनमापाचे दगड समजा. ईटाकडे पाहा, मग बीटाकडे, मग आयोटाकडे, एकाच ताऱ्याकडे टक लावू नका. ईटा बीटापेक्षा फिका पण आयोटापेक्षा उजळ वाटला आणि दोघांच्या साधारण अर्ध्यावर वाटला तर लिहा ४.०, बीटाच्या जवळ वाटला तर ३.८. तारीख, वेळ, आकडा, बस. कालचा आकडा पाहून आजचा लिहू नका, ही गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो, कारण मन आपोआप जुळवून घेते आणि मग मोजमापाला अर्थ राहत नाही.

ईटा साधारण ३.५ ते ४.४ च्या मधात वरखाली होते, म्हणजे तेज दुपटीच्या आसपास बदलते, आणि एक फेरा ७.१८ दिवसांचा. इथं एक फसवणूक आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी म्हणा की दर रविवारी म्हणा, ठरवून एकाच वारी पाहिलं तर तारा प्रत्येक वेळी जवळपास तेवढाच दिसेल आणि तुम्ही म्हणाल हा काही बदलत नाही! म्हणून वार मोडून पाहा, जमेल तितक्या रात्री, ढग आले तर सोडून द्या, कोजागिरीच्या आजूबाजूचे दोन-चार दिवसही सोडा.

महिना-दीड महिन्याचे आकडे जमले की चौकडीच्या वहीत आलेख. पहिल्या रात्रीपासून किती दिवस झाले ते ७.१८ ने भागायचं आणि बाकी राहील ती आडव्या रेषेवर घ्यायची, उदाहरणार्थ ३० दिवस झाले तर चार फेरे म्हणजे २८.७२ गेले, बाकी १.२८. उभ्या रेषेवर प्रत, लहान आकडा वर. सगळे ठिपके एकाच फेऱ्यात बसतात आणि दिसते की तारा चढते झपकन आणि उतरते हळूहळू. १७८४ मध्ये यॉर्कच्या एडवर्ड पिगॉटनं याच ताऱ्याचं हे बदलणं ओळखलं, आणि त्याच वर्षी त्याचा मित्र जॉन गुडरिक यानं डेल्टा सेफीचं, गुडरिकला ऐकू येत नव्हतं आणि तो २१ व्या वर्षीच गेला.

हे होते कशानं? तारा खरोखर फुगते आणि आकसते, त्याचा पृष्ठभाग सेकंदाला वीस-तीस किलोमीटरच्या घरातल्या वेगानं आपल्याकडं येते आणि मागं जाते हे त्याच्या वर्णपटातून मोजलेलं आहे. ताऱ्याच्या बाहेरच्या भागात हेलियमचा एक थर असते, आकसताना तो दाबला गेला की त्याच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, थर अपारदर्शक होते आणि आतली उष्णता अडकते, जसं भाताच्या गंजावरचं झाकण वाफ अडवते. दाब वाढला की थर बाहेर ढकलला जाते, पसरून थंड होते, उष्णता निसटते, आणि मग तारा परत आकसते. तारा सर्वात मोठा असते तेव्हाच सर्वात तेजस्वी असते असं मात्र नाही, तेज मुख्यतः तापमानावर चालते.

आणि तुमच्या ७.१८ या आकड्याची किंमत इथं कळते. हेन्रिएटा लेविट या बाईनं १९१२ मध्ये लहान मॅगेलन मेघ या आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतले असे २५ तारे मांडून दाखवलं की फेरा जितका लांब तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. सात दिवसांचा फेरा म्हणजे सूर्याच्या दोन-तीन हजार पट तेज, आणि मूळ तेज कळलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर निघते. देवयानी ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे हबल या खगोलशास्त्रज्ञाला १९२३ मध्ये सापडलेल्या असल्याच एका ताऱ्यावरून सिद्ध झालं.

फेऱ्यावरून घनताही कळते, विरळ फुगलेला तारा सावकाश हलते, घट्ट तारा लवकर. मीरा नावाचा राक्षसी तारा ३३२ दिवस घेते, आपल्या सूर्याची कंपनं पाच मिनिटांच्या आसपास आहेत. सूर्याच्या आतून फिरणाऱ्या या ध्वनिलहरी मोजूनच कळलं की त्याचा बाहेरचा जवळपास तिसरा हिस्सा विषुववृत्तावर वेगानं आणि ध्रुवाकडं सावकाश फिरते, पण त्याच्या आतला बराच भाग एकसंध फिरते. त्यासाठी जगात सहा ठिकाणी दुर्बिणी आहेत, त्यातली एक आपल्या उदयपूरला. केप्लर या अवकाशयानानं मोजलेल्या अशाच कंपनांवरून तर २०११ मध्ये बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या लाल राक्षसी ताऱ्यांत वेगळं ओळखता आलं, की कोणाच्या गाभ्यात हेलियम जळायला लागला आणि कोण अजून गाभ्याभोवतीचा हायड्रोजनच जाळून राहिला. मला स्वतःला ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

डिसेंबरात गरुड लवकर मावळते, मग मिथुनातला झीटा धरा, फेरा १०.१५ दिवसांचा, त्यात वाराची भानगड नाही. आणि आकडे वहीतच ठेवू नका, एएव्हीएसओ (AAVSO) ही बदलत्या ताऱ्यांवर काम करणारी संस्था १९११ पासून हौशी लोकांची निरीक्षणं गोळा करते, तिथं नोंदवा. वेळ जागतिक वेळेत द्यावी लागते, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.